हवेनं ओढून आणलेला गोळा

(तालुक्याचा सरकारी दवाखाना. वॉर्डाबाहेरचा बाक.)

जया : खरं सांगा बाबा, धानाच्या बांधीत पडलेला तो काळा गोळा तुमी तलाठ्याले देला का नाई?

मनसाराम : हळू बोल पोरी. नाई देला.

जया : मंग कुठी आहे?

मनसाराम : मासोळीच्या जाळ्याले बांधला. जाळं तरंगत ठेवाचे तुंबे फुटले होते. अन् हा एवढा मोठा, हलका, तलावात बुडवला तरी बुडत नाई. मले वाटलं, देवानं फुकटात धाडला.

जया : देवानं नाई. रॉकेटच्या इंधनाची टाकी आहे ती.

मनसाराम : रॉकेट तं पार आभाळाच्या वर जाते म्हणते. तिथून आपल्या बांधीत कायले पडन?

जया : आभाळाले वर झाकण नाई, बाबा. हवा पातळ पातळ होत जाते, पण एकदम संपत नाई. तिकडं बी उलीशीक असतेच. तेवढीच त्या टाकीले घासत राह्यते, तिचा जोर कमी करते. मंग ती खाली खाली येते. दाट हवेत आली का पेटते. जे जळत नाई ते पडते.

मनसाराम : म्हंजे आपल्याच हवेनं ओढून आणलं तिले.

जया : हो. आतमंदी इंधन उरते कधी कधी. लय जहरी असते. तुमी फोडलं तं नाई ना?

मनसाराम : फोडलं नाई वो. एक नळी होती, दोरी बसू देत नव्हती. तेवढी आरीनं कापली. परवा सकाळी.

जया : परवा? आईले झटके परवाच दुपारी आले! वास नाई आला तुमाले?

मनसाराम : आला. मासळीवाणी. माहे डोये बी झोंबले. पण आपल्या आंगणात, जाळे वाळत असते तिथी, दुसरा कोणता वास येईन? ध्यानच नाई गेलं.

जया : अन् डॉक्टरले दोन दिवस काही बोलले नाई?

मनसाराम : दवंडी देली होती ना, गोळा लपवन त्याच्यावर केस. मी जेलात गेलो तं तिच्यापाशी कोण राहीन?

जया : ती राह्यली तं ना, बाबा!

डॉक्टर : देवकाबाईंचे कोण तुम्ही? पुन्हा झटका आला त्यांना. आता शुद्ध नाही.

मनसाराम : साहेब, एक सांगाचं राह्यलं. वरून पडलेल्या गोळ्याची नळी कापली मी. त्याची वाफ गेली तिच्या नाकात.

जया : रॉकेटचं इंधन असेल, सर. हायड्राझीन.

डॉक्टर : अहो, शुद्धीत होत्या तेव्हा मी दोनदा विचारलं त्यांना. चुलीचा धूर लागला म्हणाल्या.

मनसाराम : मले वाचवाले म्हणलं तिनं.

डॉक्टर : याचं औषध वेगळं असतं. इथे नसेल तर चंद्रपूरला हलवावं लागेल. उशीर फार झालाय. गोळा त्यांच्यापासून किती लांब होता?

मनसाराम : तिच्या मांडीवर होता, साहेब. ती नाईच म्हणत होती. मीच म्हणलं, हलू देऊ नोको, घट्ट धर.