रंग ओला आहे, पूल बंद

माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावर बसलेले दोन्ही काठांचे मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आमचे उद्यान विभागाचे साहेब, पहिल्या रांगेत बसलेल्या साहेबांच्या थोरल्या ताई, माझे बागेतले सोबती, आणि मागे भिंतीला टेकून चहा कधी येतोय याची वाट बघणारे सगळे सज्जनहो, पुलाच्या तोंडावरचा तो फलक मी चोरला.

हं. झालं एकदाचं बोलून. आता पुढचं भाषण मोकळेपणाने करता येईल.

खरं तर आज बोलणाऱ्यांत मी नव्हतोच. साहेबच म्हणाले, आमच्या पाइप्यालाही दोन शब्द बोलू द्या. पाइप्या म्हणजे मी. बागेत पाणी मारतो, हातात कायम पाइप असतो, म्हणून पाइप्या. शाळेशी माझं आठवीतच बिनसलं, त्यामुळे भाषेचं काही खरं नाही, सांभाळून घ्या. मुकादमकाका, मागून शर्ट ओढू नका, चांगला असा हा एकच आहे.

तर आत्तापर्यंत सगळे साहेबांविषयी चांगलंच बोलले. शांत माणूस, शिस्तीचा माणूस, नियमाचा पक्का. सगळं बरोबर. पण या पक्केपणामुळे हाताखालच्या माणसाचा जीव कसा मेटाकुटीला येतो, ते कुणीच बोललं नाही. ते माझ्या वाट्याला ठेवलंय असं दिसतंय.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्या गावाच्या मधून नदी जाते. गाड्यांचा पूल आहे, पण तो पार तिकडे वर, कारखान्यापाशी. चालणाऱ्या माणसाने काय करायचं? समोरच्या काठावर आपलं घर दिसतंय, दोरीवरचे कपडे दिसतायत, आणि तिथे जायला बसने गावाला वळसा घालायचा. साहेबांनी उभी नोकरी एकाच गोष्टीत घातली. या काठावर कचऱ्याचा ढीग होता तिथे बाग केली. त्या काठावर गोदामांच्या मागे दुसरी बाग केली. दोन्ही बागांतून पायवाटा काढल्या आणि त्या जोडायला मधे पूल, फक्त चालणाऱ्यांचा. सायकलसुद्धा हातात धरून न्यायची. पूल बांधून झाला, दिवे लागले, शेवटी कठड्याला हिरवा रंग दिला, आणि रंगाऱ्याने आमच्या बाजूला पुलाच्या तोंडाशी पत्र्याचा फलक उभा केला. रंग ओला आहे, पूल बंद.

मग रंगारी दुसऱ्या गावी कामाला गेला.

रंग वाळायला किती वेळ लागतो? दुपारभर? थंडी असली तर दुसरा दिवस? मंडळी, त्या पुलाचा रंग वाळला, मग उन्हाने विटला, मग काही ठिकाणी त्याचे पोपडे निघाले, त्याखाली गंज दिसायला लागला, आणि फलक आपला म्हणतोय, रंग ओला आहे.

तुम्ही म्हणाल, काढायचा ना मग. कुणी काढायचा? पूल दोन्ही काठांचा. अलीकडचं कार्यालय म्हणायचं, रंगाचं काम पलीकडच्यांनी दिलं, फलक त्यांचा. पलीकडचं म्हणायचं, फलक उभा कुठे आहे? अलीकडे. मग त्यांनीच काढावा. दोन्ही कार्यालयांची माणसं एकत्र बसली, चहा-बिस्किटं झाली. नदीने दुभंगलेलं गाव जोडण्याची गरज, यावर सगळ्यांचं एकमत झालं. फलकाचा विषय वेळेअभावी राहिला. एका बैठकीत तर कुणीतरी असंही विचारलं म्हणे, की रंग वाळलाय हे कोण प्रमाणित करणार? हसताय काय? मीही हसलो होतो आधी. नंतर हसू आटलं.

आता हा फलक म्हणजे किती, तर दार आडवं घातल्यासारखा. लोखंडी चौकट, वर पत्रा, छातीपर्यंत उंच आणि पुलाच्या तोंडाएवढा रुंद. आणि होता एकच. पलीकडच्या टोकाला काहीच नाही. त्यामुळे पलीकडची माणसं अख्खा पूल चालून यायची, फलकाची कोरी पाठ बघायची, आणि परत जायची. इकडून यावं तर मजकूर अडवतोय, तिकडून यावं तर पत्रा.

ताई पलीकडे राहतात. गुडघ्यांमुळे त्यांना बसची पायरी चढता येत नाही, म्हणून धाकट्या भावाच्या घरी येणं बंद झालेलं. सपाटीवर मात्र सावकाश चालतात. मग या बहीण-भावांनी काय करावं? रोज संध्याकाळी ताई पूल चालून फलकाच्या त्या बाजूला यायच्या, साहेब थर्मास घेऊन या बाजूला उभे राहायचे. साहेब पत्र्यावरून कप द्यायचे, ताई घ्यायच्या. ज्या माणसाने पूल उभा केला, तो त्या पुलावर पाऊल ठेवत नव्हता. फलकाच्या अलीकडे बोटभर जागा सोडूनच उभे राहायचे. मी तिथेच गुलाबांना पाणी मारत असायचो, आणि खोटं कशाला बोलू, ऐकायचो सगळं.

एकदा मी म्हणालो, साहेब, सरकवू का जरा बाजूला? म्हणाले, तुझा आहे का तो? मी म्हणालो, नाही. म्हणाले, माझाही नाही. संपला विषय. सांगा, अशा माणसाबरोबर काम कसं करायचं?

मग एका संध्याकाळी ताईंचा संयम संपला. साहेबांच्या निवृत्तीची बोलणी निघाली होती. साहेब म्हणत होते, जाण्याआधी मी एकदा शेवटचं पत्र पाठवून बघतो वरती. ताईंनी कप पत्र्यावरून परत दिला.

"अरे, आत्ता तुला थोडा तरी अधिकार आहे," त्या म्हणाल्या. "घरी बसलास की हा पत्रा तुझं ऐकणार आहे का? मी आता यायची नाही. एवढं चालून यायचं आणि पत्र्याशी बोलून जायचं, हे माझ्या गुडघ्यांना पटत नाही."

आणि गेल्या. मागे वळून पाहिलं नाही त्यांनी. साहेब तिथेच उभे. मला वाटलं, आता हा माणूस फलकाला लाथ घालणार. घालावीच असं मी मनातल्या मनात म्हणत होतो. साहेबांनी काय केलं माहितेय? फलक कठड्याला बांधणारी एक तार सैल झाली होती. ती त्यांनी पिळून घट्ट केली.

त्या तारेने माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी पक्कड घेतली, अंगात विभागाचं नारिंगी जाकीट घातलं, तारा तोडल्या आणि फलक उचलला. चोरी कशी करायची याचं ज्ञान फुकट देतो, घ्या. नारिंगी जाकीट घाला, जड वस्तू उचला आणि चेहरा वैतागलेला ठेवा. तो माझा होताच. लोक बाजूला होऊन वाट देत होते. बागेच्या दारात रखवालदाराने फाटक उघडून धरलं. म्हणाला, नवीन लावतायत वाटतं? मी म्हणालो, विचारू नका, वरून आलंय. तो हळहळला. आणि फलक एकट्याला पेलणारा नव्हता, दुसरं टोक कुणीतरी धरलं होतं. कुणी, ते मी सांगणार नाही. बघा, मुकादमकाकांनी शर्ट सोडला. त्यांचा दोष नाही हो, मी त्यांनाही वरून आलंय असंच सांगितलं होतं.

मग काय झालं? काहीच नाही. तीच तर गंमत आहे. ना मिरवणूक, ना भाषण. एक बाई पलीकडून पिशवी घेऊन आली, पत्रा नाही बघून थबकली, इकडे तिकडे पाहिलं आणि सरळ बागेत उतरली. तिच्यामागून दोन शाळकरी पोरी आल्या. संध्याकाळी इकडची माणसं तिकडच्या बागेत बाकांवर बसून आपलाच काठ बघत होती, आपलं घर इकडून कसं दिसतं ते एकमेकांना दाखवत होती. आमच्या गल्लीतला गॅरेजवाला तेवढा माझ्यावर अजून चिडलेला आहे. त्याची सासुरवाडी पलीकडे. इतकी वर्षं बसचं कारण सांगून सुटायचा. आता सासूबाई जेवण झालं की शतपावलीला येतात.

आणि ताई आल्या. कुणीतरी त्यांना जाऊन सांगितलं असणार, कुणी ते सोडून द्या. साहेब नेहमीच्या जागी उभे, थर्मास हातात. समोर फलक नाही, तरी फलक असल्यासारखे उभे. ताई चालत आल्या, त्यांच्यासमोरून पुढे गेल्या आणि म्हणाल्या, "तू अधिकार शोधत बस. मी तुझ्या घरी चहाला चालले." साहेब त्यांच्यामागे अक्षरशः धावले. साहेबांना धावताना बागेतल्या कुणीही त्याआधी पाहिलं नव्हतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आपल्याकडे फलक लावलेला कुणाच्या लक्षात राहत नाही, काढलेला मात्र लगेच लक्षात येतो. चौकशी लागली. विभागाची मालमत्ता गहाळ. जबाबदार कोण? साहेब. फलक सापडेपर्यंत साहेबांना कार्यमुक्त करता येणार नाही. म्हणजे आज आपण ज्यांना निरोप देतोय, त्यांना अजून जायची परवानगीच नाही, हे तुम्हाला माहीत होतं का? आणि उद्या सकाळी नवा फलक येतोय. या वेळी सिमेंटमध्ये रोवून. मजकूर तोच. जुन्याचा निकाल लागेपर्यंत पूल पुन्हा बंद.

साहेबांनी मला विचारलं होतं, पाइप्या, तू नेलास का? मी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणालो, नाही साहेब. ते म्हणाले, बरं. मग थोडं चालून थांबले आणि म्हणाले, "ज्याने कुणी नेला असेल त्याला सांग, पत्र्याच्या कडांना धार आहे. हात सांभाळ म्हणावं."

तर मंडळी, या हॉलमध्ये पुलावरून चालत आलेले किती जण आहेत? वर करा हात. घाबरू नका. बापरे, अर्धा हॉल. म्हणजे बंद पुलावरून येणारे तुम्ही सगळे, आणि बिघडलेला तेवढा मी.

एक हात मात्र वर यायला हवा होता, तो आलेला नाही. अध्यक्षसाहेब, आपण पलीकडच्या कार्यालयाचे प्रमुख. नव्या फलकाच्या आदेशावर सही आपली आहे. आज आपली गाडी कुठे दिसली नाही. आपल्या पँटला कापलेलं गवत चिकटलंय, ते झटकू नका, राहू द्या. आपण आलात तेव्हा मी हिरवळीला पाणी मारत होतो. पुलावर आपण दम खायला थांबलात आणि दोन्ही हातांनी कठडा धरलात. मला फार आनंद झाला. खोटं नाही बोलत.

एकच विनंती आहे. आपले दोन्ही तळहात सभेला दाखवाल का? रागावू नका साहेब, लहान तोंडी मोठा घास आहे, पण दाखवाच. हं. जरा वर. मागच्यांना दिसतंय का?

लागलाय का कुठे हिरवा रंग? नाही ना? मंडळी, गावाच्या पुलाच्या रंगाची ही पहिली अधिकृत तपासणी. स्वतः प्रमुखांनी केली, स्वतःच्या हातांनी केली. टाळ्या वाजवा.

आता उरला फलक. अध्यक्षसाहेब, हात खाली घेतलेत ते टेबलावर ठेवलेत ना? त्या फुलदाणीखालचा पांढरा कपडा थोडा उचला. मंडपवाल्याने एक टेबल कमी आणलं होतं, माझा नाइलाज झाला. दोन पिंपं आणि त्यांवर पत्रा. वाचा मोठ्याने, किंवा नका वाचू, सगळ्यांना पाठ आहे. तर फलक हरवलेला नाही. संध्याकाळपासून तो आपल्या हाताखाली आहे आणि आपण त्यावर पाण्याचा ग्लास ठेवलाय. फलक सापडला, रंग वाळला. आता सिमेंट कालवायचं राहिलंय कशाला, ते आपणच सांगा.

साहेब, आता तुमच्याशी. तुम्ही इतकी वर्षं आम्हाला फार छळलंत. रोपाला आळं गोल नाही म्हणून पुन्हा करायला लावलंत. पायवाटेवर फांदी आली तर फांदी छाटू नको, वाट वळव म्हणालात. आज त्याच वाटेने अख्खं गाव चालतंय. तुम्ही सोडून. तुम्ही अजून त्या पुलावर पाऊल ठेवलेलं नाही, हे मला माहीत आहे, ताईंना माहीत आहे. पण आता तुम्ही मोकळे झालात. फलकाची जबाबदारी गेली, खुर्ची गेली, अधिकार गेला. साध्या माणसाला अधिकार लागत नाही साहेब, तो नुसता चालतो. कार्यक्रम संपला की ताईंना त्यांच्या घरापर्यंत सोडून या. पुलावरून. कठडा धरायला हरकत नाही.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. व्यासपीठाच्या मानाला काही धक्का लागला असेल तर तो पत्र्याच्या कडेचा समजून सोडून द्या. चहा आलेला दिसतोय, म्हणून थांबतो.

जाताजाता हात जोडून एवढंच. फलक मी नेला, हे या हॉलच्या बाहेर कुणाला बोलू नका. अगदी कुणालाही. आणि साहेबांना तर मुळीच कळू देऊ नका. मी त्यांना नाही म्हणून सांगितलंय, आणि त्यांनी विश्वास ठेवल्यासारखं केलंय. ते तसंच राहू द्या.