'वापरू-नका' नावाचं मॉड्यूल

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एक गाल सुजलेली मॅडम, दुसरी मांडीवर लॅपटॉप घेतलेली तिची ज्युनिअर.

"सॉफ्टवेअरची ती जुनी लायब्ररी फोडलीस का?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम, सगळा कोड वेगळा करून दोन मॉड्यूल केली. ज्या जुन्या पॅकेजना आता कोणी वाली नाही, ती सगळी एकात कोंडली. नाव ठेवलं 'वापरू-नका'."

"आणि नवं?"

"'स्वच्छ'. एकदम चकाचक!"

"शाब्बास. साहेबांना शब्द दिलाय, 'वापरू-नका' उद्या काढून टाकायचं."

"अहो, मग 'स्वच्छ' चालूच होणार नाही!"

"का गं?"

"आजची तारीखसुद्धा ते 'वापरू-नका'लाच विचारतं."

"तारीखच ना फक्त?"

"आणि लॉगिन."

"बरं."

"आणि छपाई. आणि शोध."

"अगं, मग तीन महिने केलंस काय?"

"तुम्हीच म्हणालात, आधी वेगळं दिसू दे."

"हं. असं कर, नाव बदल. 'पाया' ठेव. पाया काढा असं कोणी म्हणत नाही."

"साहेबांनी विचारलं तर?"

"सांगायचं, 'वापरू-नका' आता राहिलंच नाही."

तेवढ्यात नर्सनं हाक मारली. "किडलेली दाढ काढायची तुमचीच ना?"

"काढू नका हो," मॅडम उठत म्हणाल्या. "वरून कॅप बसवा."