डावीकडे बघणारा पक्षी

मिनिआपोलिसच्या म्युझियममध्ये कोट परत घ्यायच्या रांगेत सुहासिनी उभी होती. पुढे एक आई आणि तिची लेक. मराठी ऐकू आलं आणि सुहासिनीने हातातला फोन पर्समध्ये टाकला.

“सावनी, वर जाऊ या ना परत. त्या वेलाच्या चित्रापाशी.”

“तीनदा पाहिलंस, आई. गार्ड आता आपल्यावर डोळा ठेवून आहे.”

“ठेवू दे. तुझ्या बाबांच्या अत्तरदाणीवरची नक्षी आहे ती.”

“अगं, चारशे वर्षांपूर्वीचं जर्मन प्रिंट आहे. सोनारांनी नक्षी उचलावी म्हणूनच छापायचे तसली.”

“मग? ह्यांनीही उचलली. जुन्या चित्रांचं पुस्तक होतं त्यांच्याकडे.”

“पण इथला पक्षी डावीकडे बघतो. बाबांचा उजवीकडे बघायचा.”

“बघणारच. ट्रेसिंग पेपर चांदीवर पालथा टाकून घासायचे ते.”

“बाबा गेल्यावर काकांनी ती आटवली नसती, तर ताडून पाहिलं असतं.”

“त्यांच्या हातचं एकही काम उरलं नाही गं घरात.”

“फोटो काढलाय मी. हा बघ.”

“असा नको. उलटा होतो का?”

“फ्लिप करते. थांब.”

रांग पुढे सरकली. सुहासिनी होती तिथेच थांबली.

“हं. आता झाला ह्यांचा.”