मढचा चोवीस पूर्णांक चार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे ज्येष्ठ संचालक माननीय दादाभाऊ उकिर्डे, प्रमुख पाहुण्या मुख्याध्यापिका समृद्धीताई मस्करे, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती चांगदेवराव लोहोटे, त्यांच्या शेजारी बसलेल्या कुशाबाई वहिनी, आणि जुन्नर-आंबेगावच्या गावागावांतून आलेल्या बंधूभगिनींनो,

माझ्या आधी सात जण बोलले. सगळे चांगलं बोलले. मागच्या रांगेतले पाहुणे आता जेवणाच्या मांडवाकडे पाहू लागले आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मीही थकलो आहे. पण माझं थकणं आजचं नाही, म्हणून थोडा वेळ मागतो.

मी इरफान मोमीन. जुन्नरच्या बाजारगल्लीत माझी प्रेस आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आणि गेली एकवीस वर्षं मंडळाच्या हवामान केंद्राचा तक्ता. हा तक्ता तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ग्रामपंचायतीत, शाळेत, सोसायटीच्या दारामागे चिकटवलेला असतो. बारा महिने, प्रत्येक गावाची पावसाची आणि तापमानाची सरासरी. आकडे चांगदेवरावांचे, छपाई माझी.

चौतीस वर्षं हा माणूस डिंगोऱ्याच्या केंद्रावर रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजत आला. घरात लग्न असो की मयत. मढचं मापक बघायला महिन्यातून दोनदा एसटीनं जायचा. आधीच्या वक्त्यांनी त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल सांगितलंच. मी त्यांच्या एका हट्टाबद्दल सांगतो.

त्यांचा हट्ट असा की प्रत्येक आकडा दोन मापांत हवा. पाऊस मिलिमीटरमध्ये आणि इंचात, तापमान सेल्सिअसमध्ये आणि फॅरनहाइटमध्ये. मी वैतागायचो. म्हणायचो, "राव, सरकारनं इंच कधीच बंद केले. कशाला दुप्पट आकडे छापायला लावता?" ते म्हणायचे, "इरफानभाऊ, जुन्या वह्या इंचात हायेत. म्हातारी माणसं इंचात बोलत्यात. पोरं शाळंत मिलिमीटर शिकत्यात. दोघांनी एका भिंतीपुढं हुबं ऱ्हाऊन एकच पाऊस वाचला पायजे."

सभाजनहो, यात चूक काय होतं? काहीच नाही. पण दहा वर्षांपूर्वी त्या तक्त्याखाली एका ट्रॅक्टरच्या दुकानाची जाहिरात घ्यायची ठरली. कागद तेवढाच, मजकूर जास्त. मी स्क्रीनपुढे बसलो आणि जागा काढली. पावसाचा मिलिमीटरचा रकाना उडवला, म्हाताऱ्यांसाठी इंचाचा ठेवला. तापमानाचा सेल्सिअस ठेवला, फॅरनहाइट काढला. आणि मापांची नावं लिहिलेली वरची बारीक ओळ होती, तीही काढली. मला वाटलं, लोकांना माहीतच आहे.

त्या तक्त्यात मढच्या जुलैपुढं उरलं फक्त चोवीस पूर्णांक चार.

त्याच उन्हाळ्यात मढजवळच्या एका वस्तीच्या वाटेवर ओढ्यावर मोरी बांधायला घेतली. ठेकेदाराच्या माणसानं पाण्याचा अंदाज बांधला तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवरून. शेजारचं तापमान सेल्सिअसमध्ये आहे हे आकड्यांवरूनच कळत होतं, म्हणून त्यानं पाऊसही सेंटिमीटर धरला. चोवीस सेंटिमीटर. जुन्नर शहरात साधारण तेवढाच पडतो, म्हणून त्याला शंका आली नाही. खरा आकडा होता चोवीस इंच, म्हणजे सहाशे वीस मिलिमीटर. अडीच पट. मोरीचा अंदाज असा महिन्याच्या सरासरीवरून बांधायचा नसतो, हे मला पुढे एका जाणत्यानं सांगितलं. पण बांधला गेला. तीन नळ्यांच्या जागी एक नळी पडली.

पुढच्या जुलैत पाणी नळीत मावलं नाही, वाटेवरून गेलं. अंगणवाडीच्या मदतनीस झुंबरबाई खिचडीचा डबा घेऊन पलीकडे निघाल्या होत्या. पाण्यानं त्यांना दीडशे पावलं खाली नेलं. करवंदीच्या जाळीत अडकल्या म्हणून वाचल्या. खुब्याचं हाड मोडलं. आज त्या इथं आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत, काठी खुर्चीला टेकवून.

चौकशी झाली. मंडळाच्या खोलीत मलाही बोलावलं होतं. त्या वेळच्या पदाधिकाऱ्यांनी विचारलं, "ही चूक लिहिताना झाली की छापताना?" मी समोरच्या चहाकडे पाहत होतो. मंडळाची सगळी छपाई माझ्याकडे होती. चांगदेवराव म्हणाले, "प्रूफावर सही माझी हाये."

एवढंच. मी चहा संपवला आणि घरी आलो. त्या वर्षी केंद्रप्रमुखाची जागा त्यांना मिळायची होती, ती दुसऱ्याला गेली. आज ते ज्या पदावर लागले त्याच पदावरून निवृत्त होत आहेत. मघाशी एका वक्त्यानं याला निःस्पृहता म्हटलं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे कुणाच्या लक्षात आलं नसेल.

चौकशीनंतरच्या रविवारी ते नवा तक्ता हातानं लिहून दवाखान्यात गेले. मीही मागे उभा होतो. झुंबरबाई पायाला वजन बांधून पडल्या होत्या. चांगदेवरावांनी कागद समोर धरला.

"बाई, ह्ये वाचा बरं. काय कळतंय?"

"सहाशे वीस. काय हाये, किलो का काय?"

"मिलिमीटर."

"ते मला न्हाई कळत. इंच सांगा. शिंप्याकडं इंच असत्यात."

"चोवीस इंच."

बाईंनी पलंगावरूनच चांगल्या पायाच्या मांडीवर हात ठेवला. "म्हंजी महिन्याचं पानी साचून ऱ्हायलं तर हितवर? गुडघ्याच्या वर?"

"व्हय."

"मग असं लिवा की. नुसता आकडा बघून पान्याचं भ्या वाटत न्हाई."

तिथून तक्ता बदलला. आता प्रत्येक आकड्याला त्याचं माप चिकटून असतं, वर कुठं तरी ओळीत नाही. आधी मिलिमीटर, लगेच शेजारी इंच. मे महिन्यापुढं अडतीस अंश सेल्सिअस, शेजारी शंभर अंश फॅरनहाइट. हिशेबानं शंभर पूर्णांक चार येतात, पण ते म्हणाले, आपली मोजणी तेवढी बारीक नाही, उगाच खोटा नेमकेपणा नको. ते शंभर वाचून झुंबरबाई म्हणाल्या होत्या, "अंग शंभर झालं की डाक्तर ताप म्हनतो. मग वैशाखात साऱ्या गावालाच ताप म्हनायचा." तेव्हापासून दरवर्षी प्रूफ आधी मढला जातं. झुंबरबाईंनी वाचून त्याचा अर्थ बरोबर सांगितला, तरच छपाई. दोनदा त्यांनी परत पाठवलं आहे. जाहिरात पुन्हा घेतली नाही.

मी मात्र छापत राहिलो आणि गप्प राहिलो. एक गोष्ट न बोलता ठेवायला किती ताकद लागते, हे ज्यानं ठेवली त्यालाच कळतं. गेल्या आठवड्यात मी डिंगोऱ्याला गेलो. ओसरीवर बसलो आणि म्हणालो, "चांगदेवराव, ती ओळ मी काढली होती."

ते म्हणाले, "ठावं हाये. मी दिलेल्या कागदाची नक्कल माज्याकडं हाये की."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

वहिनींनी पाणी आणून ठेवलं. मग ते म्हणाले, "प्रूफाच्या दिवशी मी मढहून अवकाळी पावसात भिजून आलो व्हतो. अंगात कसकस व्हती. तुमी प्रूफ पुढं केलं, मी न वाचता सही केली. वाचलं असतं तर दिसलं असतं. मग तुमचं नाव कोन्या तोंडानं घेऊ? आता मीबी दमलो. तुमाला बोलायचंच आसल तर मला नगा सांगू. झुंबरबाई येनार हाये समारंभाला."

तर झुंबरबाई, म्हणून मी आज उभा राहिलो. मापांची ती ओळ माझ्या हातानं गेली. चौकशीच्या खोलीत मी होतो आणि बोललो नाही. तुमच्या पायाला मी कारण आहे, आणि यांच्या गेलेल्या जागेलाही. तुम्ही माझ्याकडे पाहताय. तुमच्या मनात काय आहे ते मला इथून कळत नाही, आणि आत्ता सगळ्यांसमोर तुम्ही काही बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही.

दादाभाऊ, त्या चौकशीचा कागद मंडळाच्या दप्तरात असेल. त्यावर माझं नाव चढवावं, अशी मी लेखी विनंती आणली आहे. ती या टेबलावर ठेवतो.

अध्यक्षांनी वेळ दिला, आयोजकांनी मला यादीत घेतलं, आणि तुम्ही भुकेल्या पोटी ऐकून घेतलंत, याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. चांगदेवरावांना आणि वहिनींना निवांत सकाळी लाभोत. बोलण्यात काही उणं-अधिक गेलं असेल, तर ते सभेनं पोटात घालावं. तक्त्यातल्या चुकीची माफी सभेकडे मागण्याचा मला अधिकार नाही. ती मी तिसऱ्या रांगेकडे मागतो, आणि उत्तर येईल तेव्हा येईल.