आईचा पॉझिटिव्ह रिपोर्ट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय कोंडिबा अण्णा, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला मन तयार होत नाही त्या डॉक्टर अम्रीन मॅडम, आणि मार्गासनी, विंझर, गुंजवण्याहून आलेल्या माझ्या मायबहिणींनो, बांधवांनो,

मी शेफाली. मॅडमच्या दवाखान्यात रक्त काढते. म्हणूनच समोरचे निम्मे लोक मला बघून आत्ताही बाही खाली ओढत आहेत. घाबरू नका, आज सुई आणलेली नाही.

मॅडमबद्दल गावाची एक तक्रार कायम होती. अंग दुखतं म्हणून जावं, तर या विचारतात काय? केस गळतात का, तोंडात फोड येतात का, उन्हात गाल लाल होतात का, गार पाण्यात बोटं पांढरी पडतात का. आमच्या गेनबाकाकांना तर वाटलं, बाई मुलगी बघायला आल्यात! "एक सुई मारा आन् मोकळं करा," म्हणणाऱ्यांना त्या इतकं का विचारायच्या? आमच्या घरात घडेपर्यंत मलाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या रांगेत बसल्यात त्या चंद्राबाई, माझी आई. शेजारी सुलक्षणा वहिनी. आई, डोळे वटारू नकोस, अध्यक्षांची परवानगी घेतली आहे.

तर वहिनीचे सांधे धरायला लागले. लावणीला चिखलात हात घातला की बोटं पांढरीफटक, मग निळी. उन्हातून आली की अंगात ताप. गोरखदादाने तिला पुण्याला नेऊन संधिवाताची रक्ततपासणी केली. ती निगेटिव्ह आली. झालं! आईने निकाल देऊन टाकला, "रिपोर्ट साफ हाय. रोग न्हाई, कामाचा कंटाळा हाय. गोरख, हिला माहेरी पोचीव."

वहिनीने खरंच पिशवी भरली. त्या पिशवीसकट मी तिला आधी दवाखान्यापाशी एसटीतून उतरवलं.

मॅडमनी तेच सगळे प्रश्न विचारले. वहिनी एकेकाला "व्हय" म्हणत गेली. मॅडम म्हणाल्या, "ती तपासणी एका आजाराची होती. हा दुसरा असू शकतो." बाहेरच्या जंतूंशी लढायला शरीर प्रतिपिंडं तयार करतं. कधीकधी ती आपल्याच शरीरावर उलटतात. ती शोधायला एएनए नावाच्या तपासणीसाठी रक्त पुण्याला पाठवलं. जोरात पॉझिटिव्ह! त्यापुढची नेमकी तपासणीही तशीच, आणि लघवीला फेस येत होता, म्हणजे त्यातून प्रथिनं जात होती. आजाराचं नाव ल्युपस. तो मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. आणखी उशीर झाला असता तर काय, ते मला इथं बोलायचं नाही. औषधं सुरू झाली, लघवी हळूहळू सुधारली. पिशवी माहेरी गेली नाही.

आता पुढची गंमत ऐका. आईला वाटलं, एका घरात जेवतो, म्हणजे हे आपल्यालाही लागलं असणार. मॅडमनी समजावलं की हा लागणारा आजार नाही, तुम्हाला तपासणीची गरज नाही. ऐकेल ती माझी आई कसली? कुणाला न सांगता पुण्याला जाऊन तीच तपासणी करून आली. आणि आली की हो, किंचित पॉझिटिव्ह! आईने डोक्याला फडकं बांधून अंथरूण धरलं. पेज घेऊन कोण उभं? सुलक्षणा वहिनी.

शेवटी दोघींना घेऊन मॅडमकडे गेले.

"केस गळतात?"

"न्हाई."

"तोंडात फोड?"

"न्हाई. पर कागदावर पॉझिटिव्ह हाय नव्हं?"

मॅडमनी नीट तपासलं, लघवी पाहिली, मग म्हणाल्या, "चंद्राबाई, धडधाकट माणसातही हे कधीकधी असं येतं. तुम्ही ठणठणीत आहात. सुनेचा कागद साफ होता, तेव्हा तिला कामचुकार म्हणालात. मग आज कागद बघून मी तुम्हाला आजारी म्हणू का?"

बाहेर येऊन आईने डोक्याचं फडकं सोडलं. वहिनीच्या हातात औषधांची पिशवी होती. "दे ती इकडं," आई म्हणाली, "एसटी चुकंल."

गेल्या आठवड्यात आईने मॅडमना विचारलं, "तुमी गेल्यावर हिच्याकडं कोन बघनार?"

"पुण्याचे डॉक्टर आहेत. पण रोज बघायला तुम्ही आहात ना? विचारत जा."

मॅडम, तुम्ही हे काय करून ठेवलंत? काल जेवायला बसलो, तर आई सगळ्यांसमोर, "सुलक्षणे, लघवीला फेस न्हाई ना गं?" दादाचा घास हातातच राहिला. वहिनी म्हणाली, "न्हाई आत्या. आता वाढा तरी."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. रक्त तपासायला कॉलेजात शिकले. आधी माणसाला विचारायचं, हे मॅडम, तुमच्याकडे शिकले. तुमचे प्रश्न विंझरात कुणी ना कुणी विचारत राहील, हा माझा शब्द.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आईचा हिशोब घरी होईलच. पण वहिनी पदराआड हसतेय, म्हणजे अर्धं घर माझ्या बाजूने आहे. नमस्कार.