आक्काचं चालणं

(उद्यमबाग औद्योगिक वसाहत. कारखान्याची पाळी सुटल्यावर, चहाच्या गाड्याजवळ.)

राजाबाई: म्हंजे सोमवारपास्नं यायचं न्हाय? सरळ सांग की रं मष्णू.

मष्णू: न्हाय म्हणालेत. धाकटा भाऊ म्हणून तुला सांगायला मलाच धाडलंय.

राजाबाई: काय चुकलं माझं? विमानाचं सामान म्हणून तुझ्या मशीनपास्नं धुण्याच्या टाकीपातूर ट्रे कसा नेलाय मी, बग की. तान्हं पोर नेल्यागत.

मष्णू: चुकलं काय न्हाय, आक्का. टाकीच माझ्या मशीनला लावून ठेवणार हायत. मधलं चालणंच उरलं न्हाय.

राजाबाई: हे त्या बेंगळूरच्या सायबानं काढलं व्हय? लीन लीन करत, फुकट जातंय ते काढा म्हणत हिंडतोय तो?

मष्णू: मी काढलं.

राजाबाई: तू?

मष्णू: मीटिंगमधी विचारलं, कुठं काय फुकट जातंय सांगा. तुझं गुडघं आठवलं मला. घरी गेल्यावर तेल चोळत बसतीस. म्हटलं, टाकी जवळ आणा, आक्काची पायपीट वाचंल.

राजाबाई: मग?

मष्णू: टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. मला वाटलं, तुला तितं स्टूल देतील. आता म्हणतेत, मशीन चालतंय तवर मष्णूच धुईल.

राजाबाई: म्हणून ती हापिसातली स्वरूपा मॅडम घड्याळ घेऊन माझ्या मागनं फिरत हुती.

मष्णू: व्हय. चालण्यात किती वेळ जातोय, ते बघत हुत्या.

राजाबाई: मला वाटलं, बाई कामाची हाय का बघतेत. दुखणं गिळून पाय भरभर उचललं. नको असताना बी खेपा मारल्या.

मष्णू: मी सायबास्नी सांगतो. माझी सूचना मागं घेतो.

राजाबाई: देतील घ्यायला?

मष्णू: न्हाय. टाकीच्या नव्या जागेला जमिनीवर पिवळं पट्टं मारून झाल्यात. चांगली सूचना दिली म्हणून फळ्यावर माझा फोटो बी लागलाय.

राजाबाई: मग गप बस. तुझं काम तरी टिकव.

मष्णू: शिव्या तर दे की मला.

राजाबाई: कशाला देऊ? राग लई आलाय. ह्या कामामुळं सुनंपुढं हात पसरावा लागत न्हवता. पर माझ्या गुडघ्याचं बघणारा बी तू एकटाच निघालास. तुझ्यावर कसा काढू?

मष्णू: चल, गाडी काढतो.

राजाबाई: काढ. आणि सोमवारी माझ्या दारात हॉर्न वाजवू नको. सवयीनं डबा घेऊन भाईर यीन मी.