आखाजीचा ऑफसाइड

हॅलो? … हां, बोल हितेंद्र. … थांब, स्पीकरवर टाकते, हात पिठाचे आहेत. सांजोऱ्या करून राहिली. … कोणासाठी म्हणजे? तुमच्यासाठीच! परवा अक्षय तृतीया, आपली आखाजी ना? उद्या तू मुऱ्हाळी येशील, मग मी काय रिकाम्या हाताने माहेरी येऊ?

… काय?

… परत बोल.

… घ्यायला नाही येणार? अरे, का पण? … व्हीएआर? तो व्हिडिओ बघून दिलेला निकाल? … हितू, ती मॅच होऊन गेली, कप जामनेरला गेला, आणि तुझं अजून तेच?

… हो, हो… अरे ऐक ना… ऐक तर! माझ्या नवऱ्याने तुझ्या टीमचा गोल रद्द केला. ठीक आहे. मी केला का? मी तर मैदानावर पण नव्हती!

… रेफ्री म्हणून यांना बोलावलं कोणी? दाजी क्रीडा शिक्षक आहेत, घरचा माणूस आहे, धुळ्याहून मानाने बोलवू… तूच म्हटला ना? … आणि व्हिडिओचं खूळ कोणाचं? परदेशातल्या मॅचला असतं, म्हणून भडगावलाही पाहिजे. वर्ल्डकपच्या वेळी टीव्हीसमोर उड्या मारत होता, 'रेफ्रीला व्हिडिओ दाखवा रे' म्हणून. मग आता दाखवला, तर एवढा राग?

… माहीत आहे रे, लग्नाचं शूटिंग करणारा नवल. तो पण तूच आणला.

… कोण रडतो? प्रेमराज? … अरे बापा. जेवतही नाही नीट? … गोल त्याचाच ना तो. … हो रे, मला पण वाईट वाटतं. पोराचं वाईट वाटतं म्हणून बहीण सोडून द्यायची का?

… नाही, मी एकटी बसने नाही येणार. … बस मिळते हे मला पण माहीत आहे! आखाजीला लेक एकटी बॅग घेऊन स्टँडवर उतरली, की गल्लीतल्या बाया काय विचारतील? 'भाऊ नाही आला का वं?' मी काय सांगू त्यांना, ऑफसाइड झाला?

… हसू नको. मला रडू येऊन राहिलं.

… आई काय म्हणते? … 'कोकी कव्हय यी?' … मी कधी येणार म्हणून वाट बघते ती, आणि तू काय सांगितलं तिला? … काहीच नाही. वा रे वा! तोंडाने अक्का अक्का करतो नुसता.

(अहो, टीव्ही बारीक करा! हितूचा फोन आहे. … नाही, तुमच्याशी नाही बोलायचं त्याला.)

… हो, ते तेच म्हणतात. व्हिडिओत स्वच्छ दिसतं, पोरगा सगळ्यांच्या पुढे एकटा. … कटिंग केलं? नवल कशाला कटिंग करेल? … मला काय कळतं? आता सगळं कळतं! तुमच्या दोघांच्या भांडणात ऑफसाइड पाठ झालं माझं. पास देणाऱ्याचा पाय बॉलला लागतो, त्या टायमाला पोरगा कुठे उभा होता ते बघायचं. नंतर तो कितीही पुढे पळो. बरोबर ना? … मग!

… यांच्या मोबाईलमध्ये आहे? थांब, इथेच चार्जिंगला लावलाय. … आधी गॅस बंद करू दे, तेल तापलं.

… हां, लागला. … अगंबाई, मागे सनई कशाला टाकली रे याने? … निळे आपले ना? … चालले, चालले… बॉल आपल्याकडे… आणि हे काय? … बॉल कुठे गेला?

… थांब, मागे घेते.

… हितू, इथे तू दिसतो.

… तू रे, तू! मंडपात. पाहुणे तुला शाल घालून राहिले. … मॅच चालू असताना? … पाहुण्यांना जायची घाई होती? तर थांबायचं ना, मॅच संपल्यावर घ्यायचा सत्कार! … फेटा नीट करून कॅमेऱ्याकडे बघून हसतो पण आहे! … अरे, नवल काय करेल? शाल दिसली की कॅमेरा तिकडे, जन्मभर तेच केलं त्याने.

… ऐक, ऐक. मागून धप्प आवाज येतो. ती किक. ऐकू येते, दिसत नाही. दिसतो तू. … मग कॅमेरा परत मैदानावर येतो, तर प्रेमराज पुढे पळतोय, एकटा.

… म्हणजे यात किकच नाही!

… नाही रे बाबा, कटिंग नाही. 'किक कुठे गेली, किक कुठे गेली' म्हणून गावभर ओरडत फिरतो. तुझ्या शालीच्या वेळी गेली ती!

… थांब, फोन ठेवू नको.

(अहो, इकडे या. … या म्हणते ना! यात किक कुठे आहे, दाखवा मला. … ऊन होतं, डोक्यावर टॉवेल घेऊन बघितलं, ते मला नका सांगू. दिसते का? … नाही ना? मग कशाच्या जोरावर रद्द केला? आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघून गोल दिला होता ना तुम्ही? तोच ठेवायचा होता!)

… अरे, तू कशाला खूश होतो? तू पण गप बस! यांनी न बघता निकाल दिला, आणि तू बघू दिलं नाही. तुमच्या दोघांपायी आधी तो प्रेमराज रडला, आता मी.

… ते? सांजोरी उचलली होती, परत ताटात ठेवली. … (अहो, तुम्हीच सांगा ना त्याला.) … फोन नको म्हणतात. प्रेमराजला तोंडावर सांगायचं आहे त्यांना, 'मला किक दिसली नव्हती पोरा, मी चुकलो.' … खरंच म्हणाले. … नाही रे, कप कसा परत मिळेल!

… आता माझं ऐक. तो ऑफसाइड होता का नव्हता, आता कोणालाच कळणार नाही. पण परवा निंबाला झोका बांधाल, बठ्ठ्या पोरी, गल्लीतल्या सगळ्या, माहेरी आलेल्या असतील, आणि मी नसणार. त्याला व्हिडिओ लागत नाही हितू. आईला नुसत्या डोळ्यांनी दिसेल.

… सकाळीच निघतो? … बरं. … हो, हे पण येतील. … प्रेमराजसाठी वेगळा डबा भरते, त्याला सांग. … नाही, रडत नाही. कांदा चिरून… कुठला कांदा! रडून राहिली, झालं?

… आणि ऐक. मुऱ्हाळी म्हणून तुझा सगळा मान करते. टॉवेल, टोपी, गोडधोड, सगळं.

… फक्त शाल नाही घालणार. … ठेवते.